संगणकाला हिशेब सांगायला शिकू या

बचत गटातल्या बायकांसाठी आम्ही संगणकाच्या प्रोग्रामिंगची शिबिरं घेतो, हे मागे याच कार्यक्रमात सांगितलं होतं. त्यावर बरेच फोन आले, आणि बहुतेकींचा प्रश्न एकच होता. "ताई, आम्हाला मोबाईलवर फोटो पाठवताना नाकी नऊ येतात, हे प्रोग्रामिंग आमच्या काय कामाचं?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या शिबिराआधी आमच्यातल्याही दोघी हेच म्हणत होत्या. तेव्हा आज तेवढंच बोलू. प्रोग्रामिंग म्हणजे काय, ते शिकायला लागतं काय, आणि आपल्यासारखीला त्याचा उपयोग कुठे होतो.

शिबिराच्या पहिल्या तासाला आम्ही संगणक उघडतच नाही. मधोमध परात, पीठ आणि पाण्याचा तांब्या ठेवतो. एक बाई संगणक होते, बाकीच्यांनी तिला भाकरी करायला सांगायची. अट एकच. सांगितलं तेवढंच तिने करायचं, मनाने काही करायचं नाही.

एकदा संगणक झाल्या होत्या एक आक्का. सगळ्या गावात त्यांच्या हाताची भाकरी नावाजलेली. पोरींनी हुकूम सोडला, "पीठ घ्या." आक्कांनी चिमूटभर पीठ उचललं आणि हात तसाच वर धरून बसल्या. किती घ्यायचं आणि कशात घ्यायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं. मग, "परातीत चार मुठी पीठ घाला." घातलं. "आता पाणी ओता." आक्कांनी तांब्या उचलला आणि ओतायला सुरुवात केली. ओततायत, ओततायत, पीठ तरंगायला लागलं. सगळ्या ओरडल्या, "अहो आक्का, थांबा की!" आक्का गंभीरपणे म्हणाल्या, "थांब म्हणून कुठं सांगितलंय कुनी?"

हसून हसून पुरेवाट झाली. (पीठ वाया गेलं नाही. त्यात कांदा-मिरची घालून दुपारी धिरडी केली.) पण त्या तांब्यात सगळं प्रोग्रामिंग आलं. आपल्या हाताला जे कळतं ते संगणकाला कळत नाही. पीठ किती ओढतं, पाणी कुठे थांबवायचं, तवा तापला की नाही, हे त्याला शब्दांत सांगावं लागतं, आणि तेही क्रमाने. असे क्रमाने लिहिलेले हुकूम म्हणजे प्रोग्राम. ते लिहिणं म्हणजे प्रोग्रामिंग. यंत्र हुशार नसतं, ते फक्त आज्ञाधारक असतं आणि दमत नाही.

हुकमांचे प्रकारही फार नाहीत. एक म्हणजे साधा क्रम: आधी हे, मग ते. दुसरा 'जर-तर': जर तवा तापला असेल तर भाकरी टाक, नाहीतर थांब. तिसरा फेरा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, पण कधी थांबायचं तेही सांगून ठेवायचं. आक्कांच्या तांब्यात ही थांबायची खूण राहिली होती.

फेरा समजायला ठिपक्यांची रांगोळी सगळ्यात सोपी. 'सात ते चार' म्हटलं की आपला हात आपोआप चालतो. मधली ओळ सात ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली सहा-सहा, मग पाच-पाच, मग चार-चार. एकूण ठिपके ३७. पण 'सात ते चार' एवढ्या तीन शब्दांत ३७ ठिपके मावले, ते कसे? कारण त्यात तीन गोष्टी ठरलेल्या आहेत: सुरुवात कुठून, प्रत्येक ओळीला किती कमी करायचं, आणि थांबायचं कुठे. ज्या बाईने दारात ठिपक्यांची रांगोळी घातली आहे, तिला फेरा नव्याने शिकवावा लागत नाही. आम्ही फक्त त्याला नाव देतो.

आता संगणकावर येऊ. आम्ही पायथन नावाची भाषा वापरतो. गुइडो व्हॅन रॉसम नावाच्या डच माणसाने ती १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. ती फुकट आहे, आणि तिच्यात लिहिलेलं बरंचसं साध्या वाक्यासारखं वाचता येतं. तिचे ठरावीक शब्द इंग्रजी आहेत, पण सुरुवातीला चार-पाचच लागतात: इफ, व्हाइल, प्रिंट, इनपुट. ते आम्ही पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावतो. शाळेत इंग्रजीचं भय घेतलेल्या बाईला हेच भय पुन्हा वाटतं, म्हणून आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपण ज्याला नाव देतो, ते नाव पायथनमध्ये मराठीत लिहिलं तरी चालतं. मुद्दल, व्याज, हप्ता, असं सरळ लिहायचं. ओळीत लिहिलेला आकडा मात्र इंग्रजी अंकात हवा. पण प्रोग्रामने प्रश्न विचारून घेतलेला आकडा आपण मराठी अंकात टाइप केला, तरी पायथनला त्याची संख्या करता येते. एकीने १० हा आकडा मराठीत टाइप केला आणि बरोबर उत्तर आलं, तेव्हा ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "याला मराठी येतंय की!"

पहिला धडा आम्ही घेतो तो गटाच्या वहीचा. गटातून दहा हजार रुपये कर्ज घेतलं. व्याज महिन्याला शेकडा दोन. दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडायचं आणि उरलेल्या मुद्दलावर व्याज द्यायचं. एकूण व्याज किती होईल? वहीत आपण दहा ओळी लिहितो. संगणकाला सहा पुरतात. मराठीत मांडल्या तर त्या अशा दिसतात:

मुद्दल = १००००
व्याज = ०
जोवर मुद्दल शून्यापेक्षा जास्त आहे तोवर:
    व्याज = व्याज + मुद्दल × २ ÷ १००
    मुद्दल = मुद्दल − १०००
व्याज दाखव

पाचव्या ओळीवर दर शिबिरात कुणीतरी अडतंच. दहावी झालेली एक सून म्हणाली, "मुद्दल बरोबर मुद्दल वजा हजार, हे गणितच चूक आहे." शाळेच्या गणितात ते चूकच आहे. पण इथे ते चिन्ह 'बरोबर' म्हणत नाही, 'ठेव' म्हणतं. मुद्दल हा एक डबा समजा. डब्यातलं काढलं, त्यातून हजार कमी केले, उरलेलं परत त्याच डब्यात ठेवलं. फडताळातल्या डब्यांवर 'साखर', 'रवा' अशा चिठ्ठ्या लावतो, तशीच ही चिठ्ठी. चिठ्ठी तीच राहते, आतला माल बदलतो.

चौथी आणि पाचवी ओळ थोडी आत ढकललेली आहे, ती उगीच नाही. आत ढकललेल्या ओळी फेऱ्यातल्या, म्हणजे दर महिन्याला करायच्या. शेवटची ओळ बाहेर आहे, म्हणून ती एकदाच होते. ती चुकून आत गेली तर उत्तर दहा वेळा छापून येतं. येऊ दे. त्याने काही बिघडत नाही. बायकांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती 'मशीन बिघडंल' याची. हुकूम चुकला तर लाल अक्षरांत तक्रार येते, नाहीतर चुकीचं उत्तर येतं. आपण ओळ दुरुस्त करून पुन्हा चालवायची.

चुकीचं उत्तर ही मात्र जपण्याची गोष्ट आहे, आणि तिथे आमचीच फजिती झाली होती. एका शिबिरात आम्ही फळ्यावर चौथी आणि पाचवी ओळ उलटसुलट लिहिली. आधी हजार वजा, मग व्याज. संगणकाने तक्रार केली नाही, झटकन ९०० आकडा दाखवला. आम्ही पुढे जाणार, एवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "नऊशे न्हाई, अकराशे व्हायला पायजे." मावशींचं शिक्षण दुसरीपर्यंत, पण त्यांनी गटाची वही वर्षानुवर्षं सांभाळली आहे. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पहिल्या महिन्याला दहा हजारावर दोनशे, मग एकशे ऐंशी, एकशे साठ, असं करत शेवटी वीस. बेरीज अकराशे. त्यांचंच खरं होतं. आमच्या ओळींनी पहिल्याच महिन्यात हजार फिटले असं धरलं होतं, आणि गटाचे दोनशे रुपये बुडाले होते. कागदावर बुडाले म्हणून बरं.

त्या दिवसापासून आम्ही नियम केला आहे. संगणकाचं उत्तर कितीही ऐटीत आलं तरी पहिल्यांदा एकदा हाताने ताडून बघायचं. वहीवाल्या बाईला खोलीत बसवल्याशिवाय आम्ही हा धडा घेत नाही.

यानंतर आम्ही चौथ्या ओळीत एकच बदल करतो. 'मुद्दल' या शब्दाच्या जागी सरळ १०००० लिहितो. म्हणजे फिटत आलेल्या कर्जावर नाही, मूळ कर्जावरच दर महिन्याला व्याज. बाकी सगळं तेच, दर तोच, शेकडा दोन. उत्तर येतं २०००. अकराशेच्या जागी दोन हजार. एका शब्दाने नऊशे रुपयांचा फरक. दोन्ही वेळा तोंडाने सांगताना दर मात्र 'शेकडा दोन'च. इथे खोली शांत होते. कारण जवळजवळ प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी असं कर्ज येऊन गेलेलं असतं.

एका गावात असंच झालं. एका बाईने घरी येऊन कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून तीस हजार घेतले होते. हप्ता २,९५० रुपयांचा, बारा महिने. वसुलीला येणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, "काकी, शेकडा दीडच पडतंय." तिने एकदा हिशेब विचारला, तर त्याने मोबाईल पुढे केला. "ॲपमध्ये असंच येतंय, मी काय करू?" ॲपमध्ये आलं म्हटल्यावर ती गप्प बसली. आपणही बसलो असतो.

शिबिरात तिने तो हप्ता सांगितला आणि सगळ्या मिळून हिशेबाला लागल्या. बारा हप्त्यांचे ३५,४०० रुपये होतात, म्हणजे व्याज ५,४००. खरोखर उरलेल्या मुद्दलावर शेकडा दीड धरलं आणि महिन्याला अडीच हजार मुद्दल फेडलं, तर व्याज २,९२५ होतं. मग हा दर नक्की किती? तो सरळ काढता येत नाही, अंदाजाने पकडावा लागतो. प्रोग्रामला एक दर द्यायचा. दर महिन्याला बाकीत व्याज मिळवायचं, हप्ता वजा करायचा, आणि बाराव्या महिन्याला बाकी शून्य येते का बघायचं. हाताने करायचं तर एका अंदाजाला अर्धा तास. संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो.

शेकडा दोन घातलं, तर बाराव्या महिन्याला दीड हजार रुपये जास्तच भरलेले निघाले. म्हणजे दर याहून मोठा. तीन घातलं, तर नऊशेच्या आसपास बाकी उरली. म्हणजे याहून लहान. असं करत करत दर २.६ आणि २.७ च्या मधोमध सापडला. बाराने गुणलं तर वर्षाला ३१ ते ३२ टक्के. ती बाई गटातून दर महिना शेकडा दोनने, उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे वर्षाला २४ टक्क्यांनी कर्ज घेऊ शकली असती. गटाकडे तेव्हा पैसे शिल्लकही होते.

दुसऱ्या दिवशी ती ट्रंकेतले कागद घेऊन आली. कर्ज देताना दिलेल्या माहितीच्या तक्त्यावर बारीक अक्षरांत वर्षाचा दर छापलेला होताच. तो तिला कुणी वाचून दाखवला नव्हता, आणि मुलाने तोंडी सांगितलेला 'दीड' तेवढा लक्षात राहिला होता. आमचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला. जुळला याचा आनंद मानावा की राग यावा, हे आम्हाला तेव्हा कळेना.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण ते माहीत असलेलं बरं. विनातारण छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्यानुसार कर्ज देणाऱ्याने दर आणि सगळा खर्च एका सोप्या तक्त्यात लिहून द्यायचा असतो. कर्जाच्या कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हव्यात. आणि कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड घेता येत नाही. हे तिघींना-चौघींना सांगून ठेवा.

त्या बाईचे पैसे परत आले का? नाही. तिने सही केली होती, हप्ते भरले, कर्ज संपलं. पण पुढच्या वेळी तो मुलगा गटाच्या बैठकीत नवीन योजना घेऊन आला, तेव्हा तिने विचारलं, "व्याज उरलेल्या मुद्दलावर की मूळ कर्जावर?" तो म्हणाला, ॲप बघून सांगतो. ती म्हणाली, "ॲप कुणीतरी लिवलंय न्हवं? त्याला इचार आनि मग ये." सहा ओळी लिहून ती प्रोग्रामर झाली असं आम्ही म्हणणार नाही. पण आकडा आतून कसा निघतो ते तिने पाहिलं होतं, आणि एका शब्दाने तो कसा फिरतो तेही.

"पन हे पोरांचं काम," असं म्हणणारी एखादी भेटतेच. तिला आम्ही एक जुनी गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'कम्प्युटर' हे माणसाच्या हुद्द्याचंही नाव होतं. तोफेचा गोळा कुठे पडेल याची लांबलचक गणितं करणाऱ्या बायकांना कम्प्युटर म्हणत. त्यांच्यातल्या सहा जणींना एनिॲक नावाच्या खोलीभर यंत्रावर नेमलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. शिकायला पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे बघून, तारा आणि बटणं जोडून त्यांनी त्याला गणित शिकवलं. १९४६ च्या फेब्रुवारीत ते यंत्र लोकांना दाखवलं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण या सहा जणींना नव्हतं. हे ऐकून आमच्याकडची एक म्हातारी म्हणाली, "सैपाक करनारीला पंगतीत कुठं जागा आस्ती?"

शिबिर घ्यायचं तर काय लागतं, तेही फोनवर बऱ्याच जणींनी विचारलं. बर्लिनमध्ये २०१४ साली ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोघींनी 'जँगो गर्ल्स' नावाने बायकांसाठी मोफत शिबिरं सुरू केली आणि ती पुढे अनेक देशांत झाली. छोट्या टोळ्या करायच्या आणि प्रत्येक टोळीला एक सांगणारी द्यायची, ही रीत आम्ही त्यांच्याकडून उचलली. आमच्याकडे बारा-पंधरा बायका असतात, चार रविवार, सकाळचं काम आवरल्यावर साडेअकरा ते तीन. शाळेने संगणकाची खोली दिली तर उत्तम. नाही दिली तर मोबाईलवरही होतं. पायड्रॉइड नावाचं ॲप एकदा उतरवून घेतलं की त्यात पायथन इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे रेंज नसलेल्या वाडीतही अडत नाही. अक्षरं बारीक दिसतात, एवढाच त्रास. चष्मा घरी विसरू नका.

दोन बायकांत एक यंत्र, आणि कीबोर्ड जिने कधी हात लावला नाही तिच्यापुढे. येणारी बसते बाजूला. हे आम्ही कडक पाळतो. मुलग्यांना, नवऱ्यांना खोलीत घेत नाही. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण "आण इकडे, मी करून देतो" एवढ्या एका वाक्याने सगळी दुपार वाया जाते. लहान लेकरं मात्र चालतात, त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत सतरंजी टाकलेली असते. शिबिरात कुणाच्याही बँकेचा पासवर्ड किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी लागत नाही. कुणी शिकवायच्या नावाखाली मागितला, तर तिथून उठून या.

पुढच्या शिबिराला येताना गटाची वही आणा आणि वही सांभाळणारीलाही आणा. तोवर घरी करायला एक काम देतो. हप्त्याचा महिना चुकला तर गट पाच रुपये दंड घेतो असं समजा. वरच्या सहा ओळींत हा 'जर-तर' कुठे बसेल? तिसऱ्या ओळीनंतर की पाचव्या? आत ढकलून की बाहेर? आणि हप्ता चुकल्याच्या महिन्यात मुद्दलातून हजार वजा होतील का? वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या भागात फोन चालू असतील तेव्हा तुमच्याच तोंडून ऐकू.